कोऱ्या तबकडीची परीक्षा



लोकसाहित्याच्या संकलनावर बोलण्यासाठी मला येथे बोलावले आहे. जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या यांविषयी मी बोलेन, अशी आयोजकांची अपेक्षा असणार. पण मी बोलणार आहे ते दुकानात वीस-पंचवीस रुपयांना मिळणाऱ्या कोऱ्या डीव्हीडीविषयी. ती कशी निवडावी, तिच्यावर आवाज कसा उतरवावा आणि नीट उतरला की नाही हे कसे तपासावे, एवढाच माझा विषय. हा विषय संगणकवाल्यांचा आहे असे मीही समजत होते. त्या समजुतीची किंमत माझ्या संग्रहाने मोजली, म्हणून आधी ती हकीकत सांगते.

१९९७ ते १९९९ या काळात पीएच.डी.च्या कामासाठी मी सौंसर आणि पांढुर्णा तालुक्यांतल्या गावांतून हिंडत होते. आमचा भाग तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होता. पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला तो २०२३ मध्ये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, मोठ्या खरेदीला नागपूर, असे आमचे जगणे. अशा ठिकाणी भाषा पुस्तकांपेक्षा तोंडांत जास्त असते. म्हणून मी टेपरेकॉर्डर घेऊन निघाले होते.

सौंसरजवळच्या एका गावात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी भेटल्या. गिरणी आल्यापासून त्यांचे जाते कोपऱ्यात पडून होते. हात फिरल्याशिवाय ओवी आठवत नाही, असे म्हणून त्यांनी मूठभर ज्वारी घातली आणि जाते ओढायला घेतले. मी कॅसेट लावली. तासभर त्या गात होत्या. मध्येच छोट्या लाइनच्या गाडीची शिट्टी झाली, तेव्हा त्या थांबल्या, गाडी जाऊ दिली आणि पुन्हा सुरू झाल्या. निघताना म्हणाल्या, ‘‘लिवून घे माय, मी गेली का मंग कोन म्हनन?’’

माझ्याकडे अशा ४१ कॅसेटा जमल्या. २००८ मध्ये मी त्या संगणकावर घेतल्या आणि सहा डीव्हीडींवर राइट केल्या. सावधगिरी म्हणून प्रत्येकीची दुसरी प्रतही काढली. पन्नास डीव्हीडींचा गोल डबा सर्वांत स्वस्त पाहून आणला होता. दोन्ही प्रती त्याच डब्यातल्या आणि दोन्ही ठेवल्या एकाच लोखंडी कपाटात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. त्या कपाटाची पाठ पश्चिमेच्या भिंतीला होती. राइट झाल्यावर दोन-चार ठिकाणी ऐकून पाहिले. आवाज स्वच्छ होता. मग कॅसेटा मी वाटून टाकल्या. काही भजनी मंडळाला दिल्या, काहींवर मुलांच्या स्नेहसंमेलनाची गाणी भरली.

२०१९ मध्ये त्या आजींची नात महाविद्यालयात मला भेटायला आली. आजी जाऊन आठ वर्षे झाली होती. ती म्हणाली, ‘‘मॅडम, आजीचा आवाज हाये ना जी तुमच्यापाशी?’’ मी मोठ्या विश्वासाने कपाट उघडले. पाच तबकड्यांची एक तरी प्रत चालली. आजींच्या तबकडीच्या मात्र दोन्ही प्रती अडकल्या.

तुम्ही म्हणाल, शब्द तर वहीत आहेत. आहेत. माझ्या अक्षरात सगळ्या ओव्या आहेत. पण एका ओवीत मी ‘डोळा’ लिहिले आहे. आजी ‘डोळा’ म्हणाल्या होत्या की ‘डोया’, हे आज मला सांगता येत नाही. मी तेव्हा नुकतीच एम.ए. झालेली, प्रमाण मराठीचे संस्कार घेतलेली मुलगी. ऐकता ऐकता हाताने शुद्ध करून लिहीत गेले. ‘मूळ आवाज तर आहेच,’ ही मनातली सबब होती. माझ्या प्रबंधात आमच्या बोलीतल्या उच्चारांवर एक प्रकरण आहे आणि त्या प्रकरणाचा निम्मा पुरावा त्या तबकडीवर होता.

त्यानंतर मी हा विषय शिकले. शिकले ते सोप्या भाषेत सांगते.

डीव्हीडी म्हणजे प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन प्लास्टिक चकत्या, एकमेकींना चिकटवलेल्या. कोऱ्या डीव्हीडीत त्यांच्या मधोमध सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर आणि त्यामागे चमकणारा धातूचा थर असतो. राइट करताना लाल लेसर त्या रंगावर ठिपके भाजत जातो. वाचताना तोच लेसर मंद होऊन ठिपके आणि मोकळी जागा ओळखतो. सिनेमाची विकत मिळणारी डीव्हीडी साच्यातून छापलेली असते, तिच्यात हा रंग नसतो. आपण घरी करतो ती डीव्हीडी रंगावर अवलंबून असते, आणि रंग म्हटला की ऊन, उष्णता आणि दमट हवा हे त्याचे शत्रू. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत अशा तबकड्या ४ ते २० अंश सेल्सिअस तापमानात आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात असे म्हटले आहे. माझे कपाट आठवा.

आता निवडीविषयी. पहिली गोष्ट, डब्यावरचे नाव म्हणजे तबकडी बनवणाऱ्याचे नाव नव्हे. एकच छाप वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कारखान्यांचा माल विकू शकते. खरी ओळख तबकडीत कारखान्यातच कोरलेली असते. तिला मीडिया कोड म्हणतात. ‘इमगबर्न’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये कोरी तबकडी घातली की तो कोड दिसतो. ‘टीवायजी’ने सुरू होणारा कोड जपानच्या तायो युडेनचा, ‘एमसीसी’ हा मित्सुबिशी केमिकलचा, ‘एमबीआय’ हा आपल्या मोझर बेअरचा.

या नावांचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. मोझर बेअर १९८३ साली दिल्लीत सुरू झाली आणि पुढे नोएडातून जगभर तबकड्या पाठवणाऱ्या मोठ्या उत्पादकांत गणली गेली. तिच्या स्वस्त चित्रपट-तबकड्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असतील. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत विसर्जित करण्याचा आदेश झाला. तायो युडेनने २०१५ च्या अखेरीस हा धंदा सोडला. मित्सुबिशीने आपला व्हरबॅटिम हा व्यवसाय २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सला विकला. म्हणजे दहा वर्षांपूर्वी ‘अमुक छापाची डीव्हीडी उत्तम’ असे कोणी सांगितले असेल, तर तो सल्ला आज तसाच घेता येत नाही. कोड पाहावा लागतो, आणि कोड चांगला असला तरी त्या खेपेतली तबकडी तपासावी लागते.

म्हणून माझी रीत अशी. आधी पाच-दहा तबकड्यांचे छोटे पाकीट घ्यायचे, त्यातल्या दोन राइट करून तपासायच्या, ठीक निघाल्या तरच त्याच खेपेचा मोठा डबा आणायचा. रीतसर संग्रहासाठी पुन्हा पुन्हा पुसता येणारी आरडब्ल्यू तबकडी घ्यायची नाही. कागदी लेबल चिकटवायचे नाही. त्याने तोल बिघडतो आणि कागद उन्हा-पावसात आकसतो. नाव लिहायचे तर सीडी-डीव्हीडीसाठी मिळणाऱ्या मऊ टोकाच्या पेनाने, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. सीडीच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच, कारण तिचा माहितीचा थर अगदी लेबलाच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. वरून ओरखडा गेला की माहितीच गेली.

राइट करताना घाई करायची नाही. १६ एक्स लिहिलेली तबकडी १६ एक्सनेच राइट केली पाहिजे असे नाही. सोळाच्या वेगाने साधारण सहा मिनिटे लागतात, आठच्या वेगाने आठ-नऊ. दोन-तीन मिनिटे वाचवण्यासाठी आपण शंभर वर्षांचा आवाज पणाला लावतो. उलट, जितके हळू तितके चांगले असेही नाही. फार कमी वेग आजच्या तबकड्यांच्या रंगाला मानवत नाही. मधला वेग घ्यावा आणि आपल्या ड्राइव्हवर कोणता वेग चांगला पडतो ते तपासून ठरवावे. तबकडी गच्च भरू नये. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि बाहेरच्या कडेला चुका जास्त पडतात. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेले असते, संगणक ते ४.३८ दाखवतो, मी चारच्या आत थांबते.

आता तपासणी, म्हणजे माझ्या भाषणाचा मुख्य भाग.

आपण शिक्षक आहोत, म्हणून शिक्षकी उदाहरण देते. गुणांचा तक्ता करताना आपण आडवी बेरीज करतो आणि उभीही करतो. एखादा आकडा पुसट झाला, तर दोन्ही बेरजांवरून तो काढता येतो. डीव्हीडीत नेमके हेच केलेले असते. माहितीचे तक्ते पाडलेले असतात. एका तक्त्यात माहितीच्या १९२ ओळी, प्रत्येक ओळीच्या शेवटी तपासणीचे १० अंक आणि तक्त्याखाली तपासणीच्या १६ ओळी. १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी मांडलेल्या पद्धतीवर हे उभे आहे. एका ओळीत पाचपर्यंत अंक चुकले तर ड्राइव्ह ते आडव्या तपासणीने आपोआप दुरुस्त करतो. त्याहून जास्त चुकले तर उभ्या तपासणीकडे जातो. तीही हरली, तर तो भाग गेला.

यात एक मेख आहे. दुरुस्ती होत असते तोपर्यंत आपल्याला काहीच कळत नाही. आवाजाला जराही खरखर येत नाही. कॅसेट म्हातारी होताना सांगत राहते. आवाज मंद होतो, फीत कुरकुरते. डीव्हीडी शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत वाजते आणि एक दिवस उघडतच नाही. २००८ मध्ये मी ‘ऐकून पाहिले’ ती तपासणी नव्हतीच. कदाचित त्या दिवशीही ती तबकडी सीमेवरच असेल.

खरी तपासणी तीन पायऱ्यांची आहे. पहिली कोणालाही जमते: राइट करताना ‘व्हेरिफाय’ हा पर्याय चालू ठेवायचा. संगणक तबकडी पुन्हा वाचून मूळ फाइलशी जुळवतो. सोबत प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या आशयावरून काढलेला एक लांबलचक अंक, वहीत किंवा दुसऱ्या फाइलमध्ये नोंदवून ठेवायचा. दहा वर्षांनी तोच अंक आला तर फाइलमध्ये एका अक्षराचाही फरक पडलेला नाही.

दुसरी पायरी वाचनवेगाच्या आलेखाची. ‘निरो डिस्कस्पीड’सारखा प्रोग्रॅम तबकडी आतून बाहेर वाचत वेगाची रेघ काढतो. चांगल्या तबकडीची रेघ सरळ चढत जाते. रेघेला खड्डे पडले, की तिथे ड्राइव्ह अडखळतो आहे आणि पुन्हा पुन्हा वाचतो आहे असे समजावे.

तिसरी पायरी चुका मोजण्याची. काही ड्राइव्ह आपण किती दुरुस्त्या केल्या ते सांगू शकतात. मानकानुसार सलग आठ तक्त्यांत मिळून आडव्या तपासणीतल्या चुका २८० च्या वर जाता कामा नयेत. चांगल्या राइट झालेल्या तबकडीवर हा आकडा बहुधा दोन अंकी राहतो. एका तक्त्यात आडव्या तपासणीला न सुटलेल्या ओळी चारपेक्षा जास्त नकोत. आणि उभ्या तपासणीलाही न सुटलेली चूक शून्यच हवी. एक पथ्य पाळावे: सगळे ड्राइव्ह हे आकडे देत नाहीत आणि दोन ड्राइव्हचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. एकाच परीक्षकाने सगळे पेपर तपासावेत, तसा एकच ड्राइव्ह ठेवावा. आज किती चुका, दोन वर्षांनी किती, एवढे पाहावे. आकडा चढू लागला की तबकडी अजून चालत असतानाच दुसरी प्रत काढावी. या एका कामासाठी हा सगळा खटाटोप आहे.

हे माझे एकटीचे म्हणणे नाही. २००६ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ कार्यक्रमासाठी केव्हिन ब्रॅडली यांनी राइट केलेल्या सीडी-डीव्हीडी संग्रहासाठी वापरण्यातले धोके दाखवणारा अहवाल लिहिला. नेमाने तपासणी होत नसेल तर या तबकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, हे त्याचे सार. मी माझा डबा आणला तो त्यानंतर दोन वर्षांनी. अहवाल जगात होता, माझ्या टेबलावर नव्हता.

मग कोणाचा आवाज टिकला? ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात भारतातल्या अनेक भाषा-बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतले गेले. त्या लाखेच्या तबकड्यांवर आवाजाची खाच डोळ्यांना दिसते. शंभर वर्षांनी त्या डिजिटल रूपात ऐकता येतात, कारण कोणीतरी त्या ग्रंथालयांत जपल्या आणि वेळेवर उतरवून घेतल्या. दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या काही हजार ओव्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. राईरकर आणि पॉइतवाँ आज नाहीत. पण २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्या ओव्या लोकांसमोर आणल्या आहेत. शब्द, आवाज, गाव, गाणारीचे नाव या नोंदी नीट ठेवल्या गेल्या आणि एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या, म्हणून हे घडले. माझा संग्रह एकाच कपाटात होता.

आजींच्या तबकडीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी ती तीन वेगवेगळ्या ड्राइव्हवर लावली. नागपुरात एका दुरुस्तीवाल्याच्या जुन्या संगणकावर ती निम्म्याच्या पुढेपर्यंत वाचली गेली. आजींची कॅसेट त्या तबकडीवर पाचवी होती. तिची पहिली अकरा मिनिटे मिळाली. जात्याची घरघर, आजींचा आवाज आणि ती शिट्टी. नागपूर–छिंदवाडा छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली, आता तिथे मोठी लाइन आहे. तेव्हा ती शिट्टीही आता तिथेच उरली आहे. नातीला मी ती अकरा मिनिटे दिली. तिने फोनवर ऐकली, पुन्हा लावली आणि मग विचारले, ‘‘अन् पुढचं?’’ मला उत्तर देता आले नाही. ‘डोळा’ हा शब्द त्या अकरा मिनिटांत येत नाही. माझ्या प्रबंधाच्या प्रतीत त्या पानावर मी आता पेन्सिलीने ‘उच्चार अनिश्चित’ असे लिहून ठेवले आहे.

कोणी विचारेल, आता डीव्हीडीचे दिवस संपले. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हही नसतो. खरे आहे. सोनीनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये राइट करता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. पण आपल्या महाविद्यालयांची कपाटे अजून तबकड्यांनी भरलेली आहेत. प्रबंधांच्या सीडी, संमेलनांचे चित्रीकरण, निवृत्त प्राध्यापकांनी गोळा केलेली गाणी, सारे तिथेच आहे. त्या वाचणारे ड्राइव्ह बाजारात मिळतात तोवर त्या वाचून घेतल्या पाहिजेत. आणि उद्या तुम्ही हार्ड डिस्कवर ठेवा, पेनड्राइव्हवर ठेवा की दूरच्या सर्व्हरवर, परीक्षा तीच राहील: प्रती तीन, त्यांतली एक वेगळ्या जातीच्या साधनावर, एक वेगळ्या गावात, आणि वर्षातून एकदा चेकसम जुळवून पाहणे. मी हे काम पोळ्याच्या सुट्टीत करते, म्हणजे विसरत नाही. आणि मूळ कॅसेट कधीही पुसायची नाही.

विद्यार्थ्यांना एक विनंती. ऐकाल तसेच लिहा. शुद्धलेखनाचे गुण देणारा परीक्षक तिथे बसलेला नसतो. तबकडी बिघडली तर तुमची वही हाच शेवटचा साक्षीदार असणार आहे.

अकादमीलाही एक सुचवावेसे वाटते. आपण अनुदानातून संकलन-प्रकल्प देतो आणि अखेरीस अहवालासोबत एक तबकडी किंवा पेनड्राइव्ह मागतो. त्याबरोबर तपासणीचा एक कागदही मागावा: कोणत्या साधनावर उतरवले, कधी तपासले, चेकसम काय, दुसरी प्रत कोणत्या गावी आहे. एका पानाचे काम आहे.

मी येताना माझा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणि लॅपटॉप आणला आहे. कार्यशाळा उद्या दुपारपर्यंत आहे. ज्यांच्याकडे जुन्या सीडी-डीव्हीडी असतील त्यांनी सकाळी दहाच्या आधी मागच्या खोलीत आणाव्यात. एका तबकडीला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तेव्हा ज्यांच्या संग्रहातली माणसे आता हयात नाहीत, त्यांच्या तबकड्या आधी घेऊ.